मुक्या मल्हारचा डबा

पुण्याहून त्या पोरीचा पहिला फोन आला, तवा मी तिला चक्क खोटं सांगितलं. म्हणलं, बाई, असला काय डबा आमच्याकडं न्हाई. आन् असला तरी तो देव हाय, देव कुणी सही घेऊन देत न्हाई. एका दमात दोन गोष्टी बोलले आन् दोन्ही एकमेकीला खोडत व्हत्या. पोर हुशार. ती म्हणाली, "बरं आजी, मी परत फोन करते."

तिचं नाव ज्ञानेश्वरी. पुण्यात जुन्या फिल्मी जपून ठेवायचं सरकारी हापीस हाय, तिथं ती कामाला. आमची नात पूनम रांजणगावच्या कंपनीत जाती. तिनं मोबाईलवर कुठंतरी वाचलं की हे लोक जुनी रिळं शोधत्यात, आन् आमच्या देव्हाऱ्यातल्या डब्याचा फोटू काढून दिला धाडून. मला इचारलं का? न्हाई. आजकालच्या पोरी आधी फोटू धाडतात, मग चहा घेत घेत सांगतात.

मी वच्छला. वय ऐंशी धरा, दोन इकडं तिकडं. सासर न्हावरं, पण पंचावन्न वर्षं झाली दौंडातच हाय, कारण मालक रेल्वेत पॉइंट्समन व्हतं. मालकांचं नाव मी घेत न्हाई. कागदावर भिमा मल्हार कोळपे लिवलंय, ते ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. त्यातलं मधलं जे मल्हार, ते माझं सासरं, मामंजी. मी त्यांना बघितलं न्हाई, माझ्या लग्नाच्या सात वर्षं आधीच गेलं. पण न्हावऱ्यातली म्हातारी माणसं अजून त्यांना मुका मल्हार म्हणतात, आन् ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाती. माणूस मुका नव्हता. माणसानं बोलणं टाकलं व्हतं. ह्यात लई फरक हाय.

हे समदं मला माझ्या सासूनं सांगितलं, कुशाबाईनं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आत्याबाई सांगायच्या ते असं.

मामंजी धनगराचं पोर. दिवाळी झाली की बाप-चुलत्यांबरं मेंढरं घेऊन घाट उतरायचं, कोकणात जायचं. एका साली वाटेत माळावर सिनेमाची कंपनी उतरली व्हती. राजाची स्वारी काढायची व्हती, आन् भाड्यानं आणलेली दोनशे माणसं काही केल्या एका दिशेनं चालंनात. कंपनीची माणसं ओरडून ओरडून बसली. मामंजी काठीवर हनुवटी टेकून बघत व्हतं. म्हणलं, मी हाकू का? समदी हसली. ह्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, मग मेंढरांना घालतात तशी हाळी घातली, आन् दोनशे माणसं वळली. संध्याकाळी कंपनीच्या शेठनं बापाला गाठलं आन् पोरगं मागून घेतलं.

आधी सामान उचललं. मग कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला शिकलं. सव्विसाव्या वर्षी डायरेक्टर झालं. आठ वर्षांत नऊ चित्रपट केलं, समदे मुके. तवा चित्रात आवाज नसायचा. पडद्यावर नुसती माणसं हलायची, मधी मधी पाटी यायची, आन् ज्याला वाचता येतंय तो शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. नावं आत्याबाईंना पाठ नव्हती. त्यांना एवढंच ठावं, की एकात राणी विहिरीत उडी टाकती आन् एकात जखमी शिपायाला त्याचा घोडा घरी घेऊन येतो.

आता ऐका. चित्र मुकं असलं तरी डायरेक्टर मुका नसायचा. उलट लई बोलायचा. कॅमेरा फिरत असताना तो बाजूला उभा राहून बोलतच राहायचा. आता वळ. आता थांब. आता तुझ्या आईला आठव. आवाज कुठं उमटायचाच न्हाई, मग अडवतंय कोण? मामंजी असं बोलायचं म्हणं, की नटीला खोटं पाणी डोळ्याला लावावं लागायचं न्हाई. त्यांचं समदं कसब त्या बोलण्यातच व्हतं.

आन् मग बोलपट आला. वरून माइक टांगला, लाल दिवा लावला, आन् डायरेक्टरला सांगितलं, दिवा लागला की तू गप बसायचं. आठ वर्षं ज्याच्यावर नाव कमावलं, तेच बंद. मामंजींना ते जमलं न्हाई. थोडा वेळ कळ काढायचं आन् मग तोंडातून शब्द जायचाच. रीळ वाया. परत घेतलं, परत वाया. फिल्म तवा विलायतेतून यायची. एक दिवस शेठनं वाया गेलेलं रीळ डब्यात घातलं, डबा त्यांच्या हातात दिला आन् म्हणाला, ही तुझी कमाई, घे आन् जा. हे बी मामंजींनी सांगितलेलं न्हाई. कंपनीत बाजाची पेटी वाजवणारा एक जण पुढं एकदा न्हावऱ्याला येऊन गेला, त्यानं आत्याबाईंना सांगितलं. मामंजी गावात आलं ते तोंड शिवूनच आलं.

बावीस वर्षं. लग्न केलं, मेंढरं राखली, पोरगं झालं. शिट्टी मारायचं, हातानं खुणा करायचं, पण शब्द न्हाई. मामंजी गेलं तवा मालक अठरा वर्षाचं. अठरा वर्षांत बापाचा एक शब्द कानावर न्हाई. मालक शाळेत पहिलं आलं, तर बापानं डोक्यावर हात ठेवला आन् मेंढरांकडं गेलं. मालकांचा पाय मोडला, तर खांद्यावर टाकून चालत शिरूरला दवाखान्यात नेलं, पण वाटेत "लई दुखतंय का" म्हणून इचारलं न्हाई. हे मालकांनी मला लग्नाच्या पहिल्या साली एकदा सांगितलं, परत कवाच न्हाई. फकस्त एक गोष्ट म्हणायचं. "आबांनी केलेलं कायतरी एकदा बघायला पायजे गं. त्या माणसाच्या पोटात काय व्हतं ते तरी कळंल."

ते कायतरी म्हंजी तो डबा. दुसरं काय मागं राहिलंच नव्हतं.

आन् तो डबा बी राहणार नव्हता. आत्याबाईंच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मामंजी तो विहिरीत टाकायला निघालं. आत्याबाईंना आदल्या दिवशीच त्यांच्या नजरेवरून कळलं व्हतं. त्यांनी काय करावं? पहाटे उठून डब्याला भंडारा लावला, हळदीकुंकू वाहिलं, आन् नेऊन देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. टाक म्हंजी देवाची मूर्त ठोकलेला चांदीचा पत्रा. आता टाका म्हणलं विहिरीत. धनगराच्या घरात भंडारा लागलेल्या वस्तूला इकडची तिकडं करायची कुणाची छाती? मामंजींनी बघितलं, उंबऱ्यातच उभं राहिलं, आन् मागं फिरलं. डबा वाचला.

पण एकदा देव झाला म्हंजी देवाचं समदंच करावं लागतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देव उजळायचं. टाक चिंचेनं घासायचं, दह्यादुधानं आंघोळ घालायची. तसंच डब्याचं झाकण काढायचं, आतली भाकरीएवढी गुंडाळी ताम्हनात ठेवायची, तिच्यावर दूध, मग पाणी, मग धडप्यानं टिपायची, हळदीकुंकू लावून परत आत. आत्याबाईंनी तसं केलं, मला तसं शिकवलं, मी तसं केलं. तीस वर्षं. देव्हारा आमच्याबरं दौंडात आला तरी एक साल चुकवलं न्हाई. बाळंतीण व्हते त्या साली चुलत जावेला न्हावऱ्यावरून बोलावून घेतलं, पण धुतलं.

मालक रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. ड्युटीवरून आलं, हातपाय धुतलं, आन् म्हणलं, "काढ गं तो डबा. आबांचं चित्र उन्हात धरून बघू." मी अंगणात सतरंजी टाकली. मालकांनी देवाला हात जोडून दोन हात पट्टी उलगडली आन् उन्हात धरली. राणी न्हाई, घोडा न्हाई, माणूस न्हाई. समदी कोरी. एका कडंनं नुसता बारीक बारीक रेघांचा पट्टा, मुंग्या गेल्यासारखा. मी बी डोळं बारीक करून बघितलं. काय बी नव्हतं.

मालकांनी पट्टी परत गुंडाळली. माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणलं, "धुऊन गेलं."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाच्या बापाला ऐकत न्हाई. पण त्या दोन शब्दांशी मला भांडताच येईना. त्या दिवसापासून दूध-पाणी बंद केलं, नुसती झाकणाला हळद लावायची. आन् मालकांनी "एकदा बघायला पायजे" म्हणणं बंद केलं. त्यालाही आता तीस वर्षं झाली. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं आली. पण हाताला काम नसलं की माझ्या मनात एकच यायचं. मालकांच्या बापाची एकच खूण राहिली व्हती आन् ती मी माझ्या हातानं, वर दूध घालून, पुसून टाकली.

मग सांगा, त्या ज्ञानेश्वरीला मी डबा कशी देऊ? ती तपासणार आन् कागदावर लिहून देणार, की घरातल्या बाईनं धुतल्यामुळं नाश झाला. तो कागद मालकांच्या हातात पडणार. म्हणून मी देवाच्या मागं लपले. चार वेळा फोन आला, चार वेळा मी लपले. पूनमला बी दटावलं, खबरदार मधी पडलीस तर.

फाल्गुनात मालकांना धाप लागाया लागली. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरनं तपासलं आन् पूनमला म्हणाला, हृदय थकलंय, घरी न्या, आवडीचं खायला घाला. ह्या बोलीचा अर्थ आम्हाला न सांगता कळतो. खाट पुढच्या खोलीत टाकली. मालक उशीला टेकून बसायचं, दोन शब्द बोललं की थांबायचं.

एक दिवस दुपारी मी त्यांना ताक देत व्हते. मालक म्हणलं, "आबांचा आवाज कसा असंल गं?"

मी म्हणलं, "आता काय ते?"

"न्हाई, असंच," म्हणलं. "मोठा असंल का बारीक? मला मेंढरांची शिट्टी तेवढी आठवती."

सहाऐंशी वर्षांचा माणूस, चार पावलं चालता येत न्हाई, आन् इचारतोय काय, तर बाप कसा बोलायचा. मी ताक तिथंच ठेवलं, मागच्या मोरीपाशी गेले आन् ज्ञानेश्वरीला माझ्या मोबाईलवरनं फोन लावला.

"ये आन् डबा घेऊन जा," मी म्हणलं. "पण आधी माझं ऐक. मी ते रीळ धुतलंय. दर साली, दुधानं आन् पाण्यानं. तीस वर्षं मी, आन् त्याच्या आधी तीस वर्षं माझ्या सासूनं. त्यातलं समदं गेलंय. तुला काय लिहायचं ते लिही, पण घरात माझ्या मालकांना वाचून दाखवू नको."

पलीकडनं पोर म्हणाली, "आजी, देव्हाऱ्यात दिवा असतो का?"

"असतोच की. बिनदिव्याचा देव असतोय व्हय?"

"डब्यापासून किती लांब?"

"वीतभर."

ती म्हणाली, "आजी, त्या काळची फिल्म पेट्रोलसारखी पेटते. आता लगेच दिवा काढा. तुमचं घर उभं आहे हेच खूप आहे. मी उद्या सकाळी येते."

आली बी. मोटारीतून एक लोखंडी पेटी आणली व्हती. पोर दिसायला किरकोळ, पण देव्हाऱ्यापुढं चप्पल काढून, पदर न्हाई तर ओढणी डोक्यावर घेऊन बसली, ते मला आवडलं. देव घराबाहेर काढायचा म्हंजी तळी भरावी लागती. ताटात भंडारा, खोबरं, पानसुपारी ठेवायची, पाच जणांनी ताट उचलायचं आन् खंडोबाचं नाव घ्यायचं. पाच जण कुठून आणायचं? मी, पूनम, ज्ञानेश्वरी आन् तिच्या मोटारीचा ड्रायव्हर. ताट खाटेपाशी नेलं, मालकांनी पडल्या जागेवरून एक बोट लावलं. येळकोट म्हणताना त्यांना धाप लागली, पण पुरतं म्हणलं. मोटार गेल्यावर मी देव्हाऱ्यात बघितलं तर डब्याच्या जागी गोल डाग व्हता. तो मी पुसला न्हाई.

पाच आठवडं गेलं. मालक डब्याचं काय इचारायचं न्हाईत. मी मातर फोन वाजला की घाबरायची.

बुधवारी सकाळी फोन आला. "आजी, बसलाय ना?"

"उभी हाय. बोल."

"आजी, त्या रिळात चित्रं नव्हतीच."

"ते मला ठावं हाय. मीच पुसली."

"नाही, नीट ऐका," ती म्हणाली. "बोलपट आला तेव्हा दोन यंत्रं चालायची. एकात चित्र घ्यायचे, दुसऱ्यात वेगळ्या फिल्मवर नुसता आवाज. मग दोन्ही जोडायचे. तुमचा डबा आवाजाचा आहे. ती कोरीच असते. कडेचा जो बारीक रेघांचा पट्टा आहे ना, तो आवाज आहे. तुम्ही चित्रं पुसली नाहीत. पुसायला नव्हतीच."

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. तीस वर्षं. तीस वर्षं मी ज्या पापाखाली वाकले ते पाप नव्हतंच. मला हसू यावं का रडू, ते कळंना. आन् मग माझ्या ध्यानात आलं.

"आवाज हाय का मग त्यात?" मी इचारलं.

पोर जरा थांबली. तवाच मला कळलं.

"मुरलेल्या पाण्यानं बाहेरचे वेढे इतक्या वर्षांत एकमेकांना चिकटलेत," ती म्हणाली. "त्यांचा दगड झालाय, ते सुटत नाहीत. अगदी आतले वेढे कोरडे राहिले. दहा मिनिटांचं रीळ असेल, त्यातली दोन मिनिटं निघाली."

"म्हंजी आठ मिनिटं मी धुतली."

"आजी, तुमच्या सासऱ्यांच्या नऊ चित्रपटांचा एक हातभर तुकडाही कुठं नाही. मी सगळीकडं शोधलं. त्या वेळच्या फिल्म लोकांनी चांदीसाठी वितळवल्या. तुमच्या सासूबाईंनी देव केला म्हणून एवढं तरी राहिलं."

ती समजूत घालत व्हती. खरं बी असंल. पण आठ मिनिटं म्हंजी किती बोलणं असतंय, ते ज्यानं अठरा वर्षं एका शब्दाची वाट बघितली त्याला इचारा.

मी ठरवलं, आता लपायचं न्हाई. खाटेपाशी स्टूल ओढून बसले आन् मालकांना समदं सांगितलं. चित्र नव्हतं ते सांगितलं, आवाज व्हता ते सांगितलं. "आबा बोललेत त्यात," मी म्हणलं. "पण दहातली आठ मिनिटं माझ्या हातानं गेली. मी आन् आत्याबाईंनी मिळून घालवली. दोन राहिलीत. मला जे म्हणायचं ते म्हणा, पण गप बसू नका."

मालक छताकडं बघत व्हतं.

"दोन मिनिटं?" म्हणलं.

"व्हय."

"अठरा वर्षांत न्हाई मिळाली," मालक म्हणलं, आन् माझा हात धरला.

शनिवारी सकाळी दहाला ज्ञानेश्वरी आली. लॅपटॉप स्टुलावर ठेवला, त्याला एक छोटा स्पीकर जोडला. पूनमनं मालकांच्या पाठीला दोन उशा लावल्या. मी दाराची कडी घातली, न्हाईतर शेजारची ललिता यायची साखर मागायला. ज्ञानेश्वरीनं सांगितलं, "आधी खरखर येईल. मग एक नट बोलतो, मग लहान मुलगी, मग ते." कोण ते, हे तिला सांगावं लागलं न्हाई.

खरखर आली, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. मग एक माणूस लई वरच्या पट्टीत, जुन्या नाटकातल्यासारखं कायतरी बोलला. मग बारकी पोर बोलाया लागली, पाच-सहा वर्षांची असंल. "महाराज, माझ्या..." म्हणाली आन् अडली. परत "महाराज" म्हणाली आन् तिचा आवाज रडवेला झाला. मग कुणीच बोलंना. नुसती खरखर.

आन् मग तो आवाज आला. मी आयुष्यभर ऐकत आले व्हते की मामंजी ओरडायचं, हाळ्या घालायचं, ओरडूनच त्यांनी बोलपट बुडवला. तो माणूस ओरडत नव्हता. हळू बोलत व्हता, जरा घोगरं, अगदी न्हावऱ्याचं बोलणं.

"भिऊ नको, बाय. तिकडं दिव्याकडं बघू नको. माझ्याकडं बघ. मी हाय हितं." जरा थांबलं. "सावकाश बोल. मी ऐकतोय."

लगेच लांबून कुणीतरी खेकसलं, "बंद करा. मल्हार, अरे परत बोललास." खट्ट झालं आन् संपलं.

मी मालकांकडं बघितलं. मला वाटलं रडतील. मालक रडलं न्हाईत. त्यांचा जबडा घट्ट झाला व्हता.

"ती पोर कुणाची व्हती?" त्यांनी ज्ञानेश्वरीला इचारलं.

"माहीत नाही, आजोबा. नाव कुठंच नाही."

"तिच्याशी बोललं," मालक म्हणलं. "परक्याच्या पोरीशी बोललं. मी शिरूरपत्तोर खांद्यावर रडत गेलो, मला न्हाई म्हणलं भिऊ नको." त्यांना धाप लागली. पूनम पुढं झाली तर तिला हातानं मागं सारलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना बापावर चिडलेलं पहिल्यांदा बघितलं.

मी जे मनात आलं ते बोलले. "अवो, तेवढं एक बोललं म्हणून त्यांची समदी दुनिया गेली. लेकराला भिऊ नको म्हणलं म्हणून हाकललं त्यांना. परत तोंड उघडायची धास्तीच बसली असंल. तुमच्यावर राग नव्हता त्यांचा."

मालक खिडकीकडं तोंड करून बसलं. ज्ञानेश्वरीनं माझ्याकडं बघितलं, लॅपटॉप मिटू का म्हणून. मी मान हलवून न्हाई म्हणलं.

"परत लाव," मालक म्हणलं.

तिनं परत लावलं. मालक डोळं मिटून ऐकत व्हतं. खेकसणं आलं, खट्ट झालं. "परत," म्हणलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचा जबडा सुटला. "परत."

चौथ्यांदा पोर अडली, रडवेली झाली, आन् मालक उशीवरून जरा पुढं सरकलं. सदरा नीट केला. "माझ्याकडं बघ," आवाज म्हणाला, आन् मालकांनी डोळं उघडून स्पीकरकडं बघितलं. "मी हाय हितं. सावकाश बोल. मी ऐकतोय."

मालकांनी हात वर केला. ज्ञानेश्वरीला कळलं, तिनं तिथंच थांबवलं, पुढचं खेकसणं येऊ दिलं न्हाई. खोलीत आम्ही तिघी जणी व्हतो, पण मालक आमच्याकडं बघत नव्हतं. त्यांनी दम धरला.

"आबा," मालक म्हणलं, "मी भिमा. मला रेल्वेत नोकरी लागली."